तो रडतोय का?

"पप्पा, तो रडतोय का?" लेकीनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. २०१९ चा जुलै होता. जळगावात पाऊस नुसता शिपका मारून निघून गेला होता आणि थिएटरात ओल्या चपला, बटर आणि एसीची कोंदट थंडी यांचा मिळून एक वास साचला होता. पडद्यावर 'द लायन किंग', हिंदीतला. सिंह धुळीत पडलाय आणि छावा त्याच्या पंजाखाली शिरू बघतोय. पुढे काय होणार ते मला वीसेक वर्षांपासून पाठ. आवंढा गिळायच्या तयारीनंच बसलो होतो, खिशात रुमालसुद्धा होता. लेक सहा वर्षांची. जन्मात पहिल्यांदा ही गोष्ट बघत होती. आणि तिचा हा प्रश्न. मी पडद्याकडे नीट पाहिलं. छाव्याच्या एकेका केसावर धूळ होती, कानातली लव दिसत होती, मिशा थरथरत होत्या. आवाज रडत होता. तोंड मात्र काहीच सांगत नव्हतं. मी म्हणालो, "हो. बहुतेक." पिक्चर सुटल्यावर निघताना लेकीच्या पलीकडच्या खुर्चीपाशी ठेवलेल्या पॉपकॉर्नच्या भरलेल्या डब्याला माझा पाय लागला आणि सगळं खाली सांडलं. त्या खुर्चीवरचा कॉलेजातला पोरगा, सगळे उठले तरी बसूनच होता. मी सॉरी म्हटलं, त्यानं मान हलवली, आणि आम्ही बाहेर येऊन रिक्षा शोधायला लागलो.

ते 'बहुतेक' मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

१९९४ चं कार्टून मी चार-पाच वर्षं उशिरा पाहिलं होतं, भुसावळला मावशीकडे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, केबलवर. मे महिना, खिडकीत कूलर, त्याच्यातल्या वाळ्याचा वास. मी चौदा वर्षांचा, म्हणजे रडायची सोय नसलेल्या वयाचा. बाप पडला तसा मी उठलो आणि स्वयंपाकघरात माठातलं पाणी पीत उभा राहिलो. दोन पेले प्यालो. तेव्हा कुणी विचारलं असतं की तो छावा रडतोय का, तर मी विचारणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या, जवळ आल्या होत्या, मधे गाठ पडली होती. आता सिंहाला भुवया कुठून असणार? त्या चित्रकारांनी खरा सिंह स्टुडिओत आणून, समोर बसून रेखाटनं केली होती. त्याची चाल, मान, पंजा कसा पडतो ते सगळं बघून घेतलं, आणि एवढं बघून झाल्यावर त्याला माणसाच्या भुवया काढल्या. नव्या पिक्चरवाल्यांनी त्या पुसून टाकल्या. खऱ्याखुऱ्या सिंहाला नसतात म्हणून.

आणि याला नाव 'लाइव्ह ॲक्शन'. त्यात जिवंत जनावर एकही नाही. सुरुवातीचा सूर्योदय तेवढा कॅमेऱ्यानं टिपलेला, बाकी गवताच्या काडीपासून आयाळीपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर घडवलेलं. आफ्रिकेतला तो एक सूर्य खरा, आणि तोही चार-दोन सेकंदांपुरता. जुना पिक्चर ८८ मिनिटांचा, नवा ११८. गोष्ट तीच, माणसं तीच (जनावरं म्हणा), सिंहाला इंग्रजीत आवाज देणारा म्हातारा नटही तोच, जेम्स अर्ल जोन्स. हिंदीत बापाला शाहरुखचा आवाज आणि छावा मोठा झाल्यावर त्याला शाहरुखच्या पोराचा, ही कल्पना मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण वाढीव अर्ध्या तासात नवं काय पाहिलं म्हणाल तर केस. जगभरात दीड अब्ज डॉलरच्या वर कमाई केली त्या केसांनी. त्यात आमचीही तीन तिकिटं आहेत. लेकीनं हट्ट केलेला नव्हता. तिला त्या सिंहाचं नावही ठाऊक नव्हतं. बुकिंग मी केलं होतं, आठवडाभर आधी.

बायकोनं कार्टून पाहिलेलं नव्हतं. तिला पिक्चर छान वाटला. "जंगल कसं खरं वाटत होतं," म्हणाली. मी रिक्षातच भुवयांवर भाषण सुरू केलं, तर म्हणे, "तुम्ही पिक्चर बघायला गेले होते का जुन्या-नव्याचा ताळा करायला?" यावर उत्तर नव्हतं. आजही नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोष्ट नवीच असते, आणि आपण तिथे शेजारी बसून म्हातारपण करत असतो.

तरी एक सांगतो. मोगलीचा नवा पिक्चर २०१६ मध्ये आला तेव्हा मी नाक मुरडलं नाही, उलट दोनदा पाहिला. आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. नव्वदीच्या सुरुवातीला गल्लीत टीव्ही तीन, आणि रविवारी सकाळी हमखास लाइट गेलेली. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, चिमटे लावायचे, आणि पडद्यावर मुंग्या-मुंग्या होत गुलजारचं ते चड्डीवालं गाणं सुरू झालं की ओसरीवर बसायला जागा नसायची. कार्टून जपानी, गाणं हिंदी, आम्ही अहिराणीत भांडणारे, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. पाऊस थांबून हवा धुतल्यासारखी झाली की उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, इतका जवळ की हात लांब केला तर लागेल. माझी खात्री होती की मोगली तिथेच राहतो. शेरखानही. तो नाना पाटेकरच्या आवाजात बोलतो म्हणजे मराठी येत असणारच त्याला. खूप वर्षांनी कळलं की मी फार चुकलो नव्हतो. किपलिंगनं गोष्ट बसवली ती सिवनीच्या रानात, आणि ते सातपुड्याच्याच माळेत येतं, फक्त पार पूर्वेकडे. आणि २०१६ च्या पिक्चरमधलं सबंध जंगल तर लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत बसून केलेलं. एक पोरगा तेवढा खरा. पण तो खरा होता म्हणून चाललं, असं आता वाटतं. भीती, मस्ती, पायाला लागलेलं, सगळं त्याच्या तोंडावर दिसायचं, आणि शेजारच्या वाघ-अस्वलांना आपल्या तोंडावर काही आणायची गरजच पडायची नाही. शिवाय हिंदीत शेरखानला परत नानाच. तो पहिलं वाक्य बोलला आणि माझ्या नाकात ओसरीवरच्या शेणसड्याचा वास आला. फक्त 'का' अजगराला त्यांनी दुष्ट केलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. पुस्तकात तो मोगलीच्या बाजूचा. आमच्या बॅटरीवरच्या टीव्हीतही.

खऱ्या जनावराचं तोंड मी एकदा जवळून पाहिलंय. चुलतभावाकडे केळी आहे. शेतीची लाइट रात्री येणार तो आठवडा होता, म्हणून मीही त्याच्याबरोबर मोटर चालू करायला गेलो, शहरातून आलेल्या माणसाची हौस. केळीच्या बागेत रात्री एक दमट गारवा असतो, पानं एकमेकांवर घासून पावसासारखा आवाज करतात. बांधावर बॅटरीचा झोत गेला आणि झोताच्या टोकाला बिबट्या बसलेला होता. पळाला नाही, गुरगुरला नाही. आमच्याकडे पाहत राहिला. मला त्याचं तोंड नीट आठवतं, आणि त्याच्यावर काहीही नव्हतं. राग नाही, भूक नाही, ओळख नाही, कुतूहलसुद्धा नाही. तो चिडलेला दिसला असता तर बरं वाटलं असतं. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "मांगे मांगे चाल, पयू नको." आम्ही मागे मागे गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलवरची क्लिप सगळ्या गावानं पाहिली. त्यात दोन हिरवे ठिपके आणि आमचे श्वास, एवढंच.

म्हणजे नव्या सिंहपटवाल्यांनी जनावर चोख उतरवलं होतं. चूक काढायची कुठे? जनावर असंच असतं. पण ती गोष्ट जनावराची होती का? ती एका पोराची होती, ज्याला वाटतं बाप आपल्यामुळे मेला. त्याला केस लावायचे की भुवया, एवढाच प्रश्न होता.

आपल्याकडेही हा खेळ झालाच की. 'श्यामची आई' २०२३ मध्ये पुन्हा आला, तोही मुद्दाम कृष्णधवल. मी आईला घेऊन गेलो. साने गुरुजी कोकणातले, पण आमच्याकडे ते अमळनेरचे. प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. त्यामुळे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं असलं तरी इथल्या माणसाला ते घरचंच वाटतं. आईनं अत्र्यांचा १९५३ चा पिक्चर लहानपणी गावात पाहिलेला, मारुतीच्या पारासमोर, पडदा म्हणून बांधलेल्या पांढऱ्या धोतरावर. वारा आला की आईचं तोंड फुगायचं, म्हणे, आणि तरी बायका रडत होत्या. नव्या खेळाला थिएटरात आम्ही मोजून अकरा जण. आई शेवटपर्यंत गप्प होती. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना म्हणाली, "चांगला केलाय. पण श्यामची आई अशी नव्हती दिसत." मी म्हटलं, मग कशी दिसायची, वनमालासारखी? ती थांबली, कठड्याला धरून. मला वाटलं गुडघे दुखतायत. मग म्हणाली, "नाही. मन्ही मायसारखी."

तिची माय मी पाहिलेली नाही. मला आठवते ती वडिलांची आई, आमची मोठीमाय. माहेर अमळनेरकडचं, भाषा शेवटपर्यंत ठसठशीत अहिराणी. तिच्याकडे गोष्टी फार नव्हत्या. चार किंवा पाच. त्यातही चिमणी-कावळ्याची रोज. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, ते सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. "चिमनाबाई, चिमनाबाई, दार उघाड." "थांब भाऊ, मना बाळले तीट लाऊ दे." गोष्ट तीच, पण शेवट कधी सारखा व्हायचा नाही. मोठीमायचा दिवस चांगला गेला असेल तर चिमणी दार उघडून कावळ्याला चुलीजवळ बसवायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची. शेजारणीशी बांधावरून वाजलं असेल तर कावळ्याला तापल्या तव्यावर बसवलं जायचं, आणि त्या चटक्याचं वर्णन बरंच लांबायचं. हुंकार देणाऱ्यानं झोपेत हुंकार चुकवला की ती मागे यायची, "मंग काय व्हयनं? सांग," म्हणायची.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, चोपून बसवायची, आणि तरी एखादं वर्ष असं यायचं की घर गळायचं ते गळायचंच. त्या वर्षी रात्री तिघा भावंडांना तिनं एकाच कोरड्या कोपऱ्यात घेतलं होतं. घरात घमेलं, पातेलं, कळशी, जे होतं ते सगळं मांडलेलं, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. घमेल्याचा टण्ण, कळशीचा खोल. वडील दोनदा गोणपाट पांघरून वर जाऊन आले होते. आम्ही म्हटलं, गोष्ट सांग. तिनं चिमणी-कावळ्याचीच सुरू केली. पाऊस आला, वारा आला, वीज चमकली... आणि कावळ्याचं घर वाहून गेलंच नाही. त्या रात्री ते टिकलं. कावळा आतच बसून राहिला आणि सकाळी उन्हात घर वाळवायला निघाला. मी लगेच म्हणालो, असं नाही, चुकलं! ती म्हणाली, "आज टिकनं. तुले काय कराणं शे?"

ती चूक नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पोरं गळक्या घरात बसलेली असताना कुणाचं घर वाहून गेल्याची गोष्ट कोण सांगणार? ऐकणारे कोण आहेत, कुठे बसलेत, ते बघून ती गोष्ट हलवायची. दीड अब्जवाल्यांना ही सोय नाही. त्यांचा ऐकणारा जळगावातही बसलाय आणि जपानातही, कोरड्यातही आणि ओल्यातही. म्हणून ते गोष्टीला हात लावायला घाबरतात आणि केसांना लावतात.

ही माझी थिअरी. पाच-सहा वर्षं मी ती जवळ बाळगली, दोस्तांना चहावर ऐकवली, एक-दोघांनी मान्यही केली.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी होतो. बहीण माहेरी आलेली, तिचा चार वर्षांचा पोरगा, निंबाला झोका, सांजोऱ्यांचा वास, आणि पत्रे वाजतील असं ऊन. पोरगा जेवेना म्हणून बहिणीनं मोबाइल समोर धरला. त्यात चिमणी-कावळ्याची गोष्ट लागली होती, पण कार्टून नव्हतं. कुणीतरी एआयकडून करून घेतलेली. खरा पाऊस, खरी पिसं. कावळा दारात उभा, पिसं अंगाला चिकटून निम्मा झालेला, चोचीच्या टोकावरून थेंब गळतायत, पाय कापतायत. आतून गोड आवाज: थांब हं, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे. भाच्याचा घास तोंडातच राहिला. "मामा, ती दार का नाही उघडत?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "ती वाईट आहे का?" चाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडलेला नव्हता. मोठीमायच्या तोंडी ते एक गाणं होतं, तीट, काजळ, अंगडं, टोपडं, यादी लांबेल तितकी मजा. कावळा कधी ओला दिसलाच नव्हता. आता दिसला, आणि ती यादी म्हणजे शुद्ध निर्दयपणा. बहिणीनं मोबाइल पालथा केला. भाचा मात्र दुपारभर तेच विचारत फिरला, अगदी झोक्यावरसुद्धा.

रात्री लाइट गेली. गच्चीवर गाद्या टाकलेल्या, फरशी अजून तळवे भाजेल इतकी गरम, वरून बादलीभर पाणी ओतलेलं आणि त्याची वाफ. माझी लेक आता बाराची. तिनं भाच्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, ऐक, खरी गोष्ट अशीये. चिमणीनं लगेच उघडलं होतं. म्हणजे उघडायला गेली होती. पण पावसानं दार फुगलेलं. ती आतून ढकलतेय, कावळा बाहेरून ओढतोय, दार हलेना. मग कावळ्याला भीती वाटू नये म्हणून ती आतून बोलत राहिली. आता बाळाला आंघोळ घालते, आता तीट लावते, तू आहेस ना तिथे? तो म्हणतो, आहे. मी अंधारात विचारलं, मेणाच्या घराला लाकडाचं दार? "जुन्या घराचं काढून आणून बसवलं होतं," ती म्हणाली, एक क्षणही न थांबता. दार उघडायच्या आधीच भाचा झोपला. गच्चीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. खालच्या जुन्या घराचं मागचं दार श्रावणात फुगायचं आणि वडील त्याला खांदा लावायचे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं असेल.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मला राहवेना. म्हटलं, तुला तो सिंहाचा पिक्चर आठवतो? जळगावला पाहिलेला. तू मला विचारलं होतंस, तो रडतोय का. आणि मी कौतुकानं भुवयांचं सगळं तिला सांगायला घेतलं. तिनं अर्ध्यात थांबवलं.

"मी सिंहाचं कुठे विचारलं होतं? तो रडतोय हे तर कळतच होतं."

"मग?"

"माझ्या शेजारी तो दादा नव्हता का? पॉपकॉर्नवाला. तो केव्हाचा रडत होता. मला वाटलं तुला विचारावं."

चहावर साय धरली. खाली बहीण पोराला हाका मारत होती. सिंहाला पाहून रडत होता की आणखी कशासाठी, आता कुणाला विचारणार. डबा भरलेला होता, एक दाणाही खाल्लेला नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं. तो सगळा मी पायानं सांडला, आणि सॉरी म्हटलं ते पॉपकॉर्नसाठी.